तांबडीची थाळी आणि तुसाची राख

मी एक जुनी भट्टी आहे. लोहाराची नव्हे, भडभुंज्याची नव्हे, प्रयोगशाळेतली. मित्रांनो, आधीच सांगते, माझ्याशी फार लगट करू नका. मला माणसे फारशी आवडत नाहीत, आणि माझे काम ऐकल्यावर तुम्हालाही मी आवडेन असे वाटत नाही.

परवा तुमच्या शाळेची सहल इथे आली होती. मी अंगणात भिंतीला टेकून पडलेली. एका मुलाला वाटले, मी पिझ्झा भाजायची भट्टी आहे. त्याने माझे दार उघडले, आत डोके घातले आणि ओरडला, "आत एक डबा आहे!" तेवढ्यात तुमच्या बाई म्हणाल्या, "अरे, त्यात कुत्र्यांची शी जाळायचे." त्या मुलाने डोके इतक्या घाईने बाहेर काढले, की ते माझ्या चौकटीवर आपटले. सगळे हसले, सगळ्यांनी नाके दाबली, आणि एक जण जाता जाता मला लाथ मारून गेला. दार तसेच उघडे राहिले.

मला त्याचे नवल वाटले नाही. ज्याला माझी गरज होती त्याने नाक दाबून माझे दार उघडले आणि ज्याला नव्हती त्याने लाथ मारली, असेच माझे आयुष्य गेले. पण या अंगणात तुमच्या पायांत घुटमळणारी कुत्री मोकळी का आहेत, हे त्या बाईंनी तुम्हाला सांगितले नाही. बहुधा त्यांना ते माहीत नसावे. म्हणून मला बोलावे लागते आहे. मला नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच आहे. मी भट्टी आहे, मला फक्त जाळता येते.

माझा जन्म सातपूरच्या एका लहानशा कारखान्यात झाला. आतून पांढऱ्या, हलक्या विटा. विटांच्या खाचांतून फिरवलेली जाड तार. बाहेरून निळा पत्रा आणि एका हाताने उघडत नाही असे जड दार. एकलहऱ्याला कोळसा जळतो, त्याची वीज माझ्या तारेत येते आणि तार लालबुंद होते. माझ्यात ठेवलेली वस्तू भाजत नाही, जळून जाते. तिच्यातले जळण्यासारखे सगळे निघून जाते आणि मागे राहते ती राख. राखेपुढे माझे काही चालत नाही.

गिरणारे रस्त्याला, द्राक्षबागा जिथे संपत येतात तिथे, हे केंद्र आहे. कुत्र्यांचे खाद्य बनवणारे लोक आपले खाद्य इथे पाठवतात, आणि ते कुत्र्यांना कितपत पचते हे इथे मोजतात. मला टेम्पोतून उतरवून खिडकीजवळ ठेवले. माझ्या शेजारी एक ओव्हन होता. त्याचे काम नुसते सुकवण्याचे. तेवढ्यावर तो दिवसभर घूं घूं करत मिरवायचा. आमचे कधीच पटले नाही.

खिडकीतून मागचे अंगण दिसायचे आणि अंगणाच्या कडेला भांडी घासायची मोरी. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पिंजरे होते.

त्या पिंजऱ्यांचा मला फार राग होता. अजूनही आहे. ते होते हिरामणचे. म्हणजे केंद्राचेच, पण हिरामण त्यांना "माझे पिंजरे" म्हणायचा. हिरामण सायखेड्याचा. केंद्र उघडले तेव्हापासूनचा मदतनीस, अंगाने वाळका, तोंडाने तिखट. पचन मोजण्याची त्याची पद्धत सरळ होती. कुत्र्याला पिंजऱ्यात घालायचे. किती खाल्ले ते तोलायचे. मग ठरलेले दिवस खालच्या तबकात जे जे पडेल ते कणभरही न सांडता गोळा करायचे, सुकवायचे आणि तोलायचे. पोटात गेले त्यातून बाहेर आले ते वजा केले, की उरले ते पचले. पद्धत खोटी नव्हती. मी तिला खोटी म्हणणार नाही. पण एक कणही हरवता कामा नये म्हणून पिंजरा इतका अरुंद ठेवलेला असे, की कुत्र्याला धड वळताही येत नसे.

मग ज्योत्स्ना मॅडम आल्या. नाशिकमध्येच वाढलेल्या, शिकून परत आलेल्या, वयाने हिरामणपेक्षा बऱ्याच लहान. पहिल्याच दिवशी त्यांनी पिंजरे पाहिले आणि म्हणाल्या, "हे लागणार नाहीत आपल्याला."

हिरामणने पानाची पिंक खिडकीबाहेर टाकली. "मग कुत्र्याच्या मागं मागं परात घेऊन पळायचं का मॅडम?"

"पळायचं नाही. चिमूटभर मिळालं तरी पुरतं."

"चिमूटभर! आमच्याकडं म्हण हाय, शितावरून भाताची परीक्षा. शीवरून भाताची अजून ऐकली नव्हती."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्याला समजावून सांगितले, आणि ते मलाही तेव्हाच कळले. समजा, कणगीत तांदूळ आहेत आणि त्यांत थोडे खडे आहेत. उंदीर तांदूळ खातात, खडे खात नाहीत. जसजसे तांदूळ कमी होतील तसतसे मूठभर उचललेल्या तांदळात खडे जास्त लागतील. आधी मुठीत किती खडे होते आणि आता किती आहेत, एवढे पाहिले की उंदरांनी किती खाल्ले ते सांगता येते. सगळी कणगी ओतून तोलायची गरज नाही. खाद्यातही असे खडे असतात. राखेतला एक हट्टी भाग ॲसिडमध्ये उकळला तरी विरघळत नाही आणि कुत्र्याच्या पोटातही विरघळत नाही. जातो तसा बाहेर येतो. खाद्यात तो किती आणि विष्ठेत किती, एवढेच मोजायचे. मग कुत्रे अंगणात कुठेही हिंडले तरी बिघडत नाही.

"आणि ती राख करणार कोण?" हिरामणने विचारले.

"ही," म्हणून मॅडमनी माझ्या दारावर हात ठेवला.

आयुष्यात तेवढा एकदाच कुणी नाक न दाबता माझ्यावर हात ठेवला. मला मॅडम आवडू लागल्या असे समजू नका. त्याही माझे दार आपटायच्या. पण पिंजरे रिकामे झाले, आणि त्याने सगळ्यांत जास्त आनंद झाला तो भिमाबाईला.

भिमाबाई पेठच्या बाजूच्या डोंगरातली. तिच्या पाड्यावर भात होतो, नागली होते, आणि उन्हाळ्यात पाणी मात्र दरीत उतरून आणावे लागते. कुत्र्यांना जेवू घालणे, त्यांच्या थाळ्या घासणे आणि अंगण झाडणे हे तिचे काम. तिला सगळी कुत्री सारखी, असे ती म्हणायची, पण ते खरे नव्हते. तिची होती तांबडी. तांबडी ही साध्या गावठी जातीची, उतारवयाची कुत्री. तिच्याइतके स्वच्छ जनावर मी पाहिले नाही. ती कुंपणापलीकडच्या गवतात जाऊनच मोकळी व्हायची. म्हणून पिंजऱ्यात तिचे हाल व्हायचे. जागेवर घाण करायची नाही म्हणून ती दाबून ठेवायची, थरथरत उभी राहायची आणि आपलीच शेपटी चावून रक्त काढायची.

पिंजरे बंद झाले त्या दिवशी भिमाबाई मोरीवर थाळ्या घासताना गुणगुणत होती. त्या थाळ्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पोचे पडलेल्या, काठ दुमडलेल्या. ती एक पत्र्याचा डबा उघडायची, त्यातली राखाडी पूड चिमटीने घ्यायची आणि नारळाच्या शेंडीने थाळी अशी घासायची, की ती आरशासारखी व्हायची. मग हातावर घेतलेल्या थोड्याशा पाण्याने विसळल्यासारखे करायची आणि फडक्याने पुसायची. पाणी सांडणे तिला ठाऊकच नव्हते. वरून खाद्य पडले, खाद्यावर कोमट पाणी पडले, की तांबडी थाळीचा काठ न् काठ चाटून काढायची.

मी हे सगळे रोज पाहत होते. मला त्यात काही वावगे दिसले नाही. मॅडम तर मोरीकडे कधी बघतही नव्हत्या. खाद्याचा नमुना त्या थाळीतून नव्हे, पोत्यातून घ्यायच्या.

पहिला निकाल आला तो झकास. खाद्य कमालीचे पचते असे राख सांगत होती. केंद्राचे साहेब खूश झाले, खाद्यवाले खूश झाले. एकटा हिरामण मान हलवत राहिला.

"मॅडम, अंगण मी बघतो रोज. एवढे ढीग पडतात, आणि तुम्ही म्हणता समदं पचलं. मग हे ढीग काय मी टाकतो का?"

"तोंड सांभाळून बोला, हिरामण."

"तोंडाचं काय, डोळ्यांचं बोलतोय मी. पोरखेळ हाय हा राखेचा."

"पंधरा वर्षं पिंजऱ्याच्या खाली तबक धरून बसलात, म्हणून जगात दुसरं काही नसतं असं नाही!"

या बोलण्यानंतर दोघे एकमेकांना चहा विचारीनासे झाले. हिरामण डबा गरम करायला माझ्या डोक्यावर ठेवायचा, तो मॅडम उचलून खाली ठेवायच्या. मी दोघांवरही चिडून असायचे. शेवटी हिरामण साहेबांकडे गेला. साहेबांनी निवाडा दिला तो असा: एकदा दोन्ही पद्धती एकत्र चालवा. तीच कुत्री, तेच खाद्य. कुत्री पिंजऱ्यात घाला, हिरामण सगळे गोळा करून तोलेल आणि मॅडम त्यातलेच चिमूटभर जाळतील. दोन उत्तरे जुळली तर पिंजरे कायमचे जातील. नाही जुळली तर राख बंद, आणि कुत्री कायमची पिंजऱ्यात.

भिमाबाईने हे मोरीवरून ऐकले. हातातली थाळी तशीच धरून ती खिडकीशी आली. "ताई, तांबडीला पन?"

"सगळ्यांनाच. थोडेच दिवस, भिमाबाई. मग कायमचं सुटेल."

"आन् नाय जुळलं तं?"

"जुळेल," मॅडम म्हणाल्या. त्यांना तशी खात्रीच होती.

ते दिवस वाईट गेले. तांबडी पिंजऱ्यात थरथरत उभी असायची आणि तिचे कण्हणे मला खिडकीतून ऐकू यायचे. भिमाबाईला दुसरे काही करता येत नव्हते. खाद्याशिवाय एक घासही द्यायचा नाही, हात लावायचा नाही, बाहेर काढायचे नाही, अशी हिरामणची ताकीद होती. तिच्या हातात फक्त थाळी होती. मग तिने थाळीच दुप्पट घासायला सुरुवात केली. "निदान ताट तं चोखट असूं दे माझ्या बायचं," असे पुटपुटत ती डब्यातली पूड चिमटीऐवजी मुठीने घेऊ लागली.

मग सगळे गोळा झाले, सुकले, तोलले गेले. माझ्यात चिनी मातीच्या लहान लहान वाट्या आल्या आणि गेल्या. वाट्यांतली राख पांढरीशुभ्र, हलकी, आणि मला ती जास्त वाटत होती. पण मी दार बंद असलेली भट्टी. माझे कोण ऐकणार?

उत्तरे जुळली नाहीत. जवळपाससुद्धा आली नाहीत. हिरामणच्या काट्याप्रमाणे खाद्य बेताचेच पचत होते. माझ्या राखेप्रमाणे ते पहिल्यापेक्षाही उत्तम पचत होते.

हिरामणने टाळी वाजवली. "झालं! उद्या संध्याकाळी साहेब येतायत. मी पिंजऱ्यांना तेल घालून ठेवतो."

मॅडम कागदावर आकडे मांडत होत्या, खोडत होत्या, पुन्हा मांडत होत्या. मग त्या थांबल्या. हिरामणने सगळे तोललेले होते, त्यामुळे त्यांना आता एक गोष्ट काढता आली, जी चिमूटभरातून कधीच निघाली नसती: कुत्र्याच्या पोटात एकूण किती राख गेली आणि बाहेर किती आली.

"गेली त्यापेक्षा जास्त बाहेर आली आहे," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांचा आवाज चढला. "गेली त्यापेक्षा जास्त! कुत्रं पोटात राख तयार करतं का? हिरामण, तबकात वाळू कोणी टाकली?"

"काय म्हनलात?"

"मी विचारते आहे, वाळू कोणी टाकली? माझी पद्धत फसावी म्हणून—"

"ओ मॅडम!" हिरामण इतक्या जोरात उठला की त्याचे स्टूल माझ्यावर आदळले. "उभ्या जन्मात एका दाण्याची लबाडी केली नाय मी. तुमची राख जास्त आली तर तुमच्या त्या भट्टीनं घातली असंल!"

माझ्यावर आळ! त्या क्षणी माझे दार उघडता आले असते तर दोघांनाही आत घेतले असते. दोघे एकमेकांवर ओरडत होते, राख, राख, राख, एवढाच शब्द अंगणात ऐकू जात होता. आणि तेवढ्यात भिमाबाई दारात आली. तिच्या हातात तो पत्र्याचा डबा होता.

"कशाला भांडताव राखंपायी?" ती म्हणाली. "कमी पडली व्हय? माझ्याकडं हाय की. लय चांगली हाय, तुसाची. घरून आनते मी."

मॅडम डब्याकडे वळल्या. ओव्हन नेमका तेव्हाच बंद पडला.

"तुसाची म्हणजे?" मॅडमनी विचारले.

"भाताच्या तुसाची. गिरणीवरून भुसा आनायचा आन् जाळायचा. भांडी घासाया हिच्यावानी दुसरं काय नाय. आम्ही दातालाबी हीच लावताव."

मॅडमनी डब्यातली चिमूटभर राख एका वाटीत घेतली आणि मला दिली. मी तापले, रसरसले, आणि ती होती तशी राहिली. मग त्यांनी ती ॲसिडमध्ये उकळली. बहुतेक सगळी तशीच उरली. तुसाची राख म्हणजे निव्वळ खडेच. भिमाबाई थाळीच्या दुमडलेल्या काठात रोज मूठमूठ खडे भरत होती आणि तांबडी ते चाटून घेत होती. कणगीत कुणी बाहेरून खडे टाकले, तर उंदरांनी फार तांदूळ खाल्ले असेच वाटणार.

मॅडम तिच्यावर ओरडल्या ते मला इथे सांगवत नाही. शेवटी म्हणाल्या, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं राखेनं घासायला?"

भिमाबाईचा चेहरा उतरला होता, पण ती मागे सरली नाही. "आन् नको घासूं म्हनून कोनी सांगितलं व्हतं, ताई? तुमी काय मोजताव ते मला कोनी सांगितलं? साबनाची थाळी तांबडी हुंगूनबी बघत नाय." मग तिला सगळे एकदम उमगले असावे. तिने वळून पिंजऱ्यांकडे पाहिले. "म्हंजे माझ्यापायी... मी चोखट घासलं म्हनून ती आत जानार?"

हिरामणही हसला नाही.

मित्रांनो, भट्टीला दया येत नाही. तरी त्या वेळी मला बरे वाटले नाही, एवढे सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमना एक गोष्ट सुचली. थाळीला किती राख चिकटते ते मोजता आले, तर तेवढी वजा करता येईल. मग कुत्र्यांना परत पिंजऱ्यात घालायला नको. घासलेली थाळी शुद्ध पाण्याने धुवायची, ते पाणी आटवायचे, उरलेले माझ्यात जाळायचे. साहेब संध्याकाळी येणार होते. वेळ जेमतेम होता.

"भिमाबाई, थाळ्या घासून द्या."

भिमाबाईने घासून दिल्या. नळाखाली धरून, पुन्हा पुन्हा खळखळून. आयुष्यात तिने एवढे पाणी सांडले नसेल. थाळ्यांना राखेचा मागमूस नव्हता.

"अशा नाही हो! रोज घासता तशा."

"रोजचं चुकीचं व्हतं ना?" भिमाबाई हात झटकून उभी राहिली. "चारचौघांत पोरीवर वरडावं तसं वरडलात माझ्यावर. आता परत तीच चूक कराया सांगताव. मी नाय हात लावायची त्या डब्याला."

"मला चुकीचीच थाळी हवी आहे, भिमाबाई."

"नाय."

मॅडमचा चेहरा लाल झाला. त्यांना माफी मागता येत नव्हती, आणि ते शब्द बाहेर यावेत म्हणून त्या जणू घसा तापवत होत्या. "काल ओरडले ते चुकलं माझं," असे त्या म्हणाल्या खरे, पण भांडताना बोलावे तसे म्हणाल्या. भिमाबाई हलली नाही.

मग पिंजऱ्यापाशी तेलाची बाटली घेऊन बसलेला हिरामण वर न बघता बोलला. "घास की बाई. नायतर तुझी तांबडी परत आत. मला काय, पिंजरे माझेच हायेत."

भिमाबाई मोरीवर बसली. तिने डबा उघडला. रोजच्यासारखे करायचे म्हणताच तिचे हात रोजच्यासारखे चालेनात. भांडी घासताना कुणाला लाज वाटलेली मी त्या दिवशी प्रथमच पाहिली. तिने दातओठ खाऊन मुठीने राख घेतली, घासले, हातावरच्या पाण्याने विसळले, पुसले. थाळी चकाकली. निवाडा होईपर्यंत अंगणात सोडलेली तांबडी ती चमक पाहून शेपटी हलवत आली आणि काठाला जीभ लावणार, एवढ्यात भिमाबाई तिच्यावर खेकसली.

"हाड!"

तांबडी जागीच थबकली. तिने हा शब्द भिमाबाईच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. कान पाडून ती भिंतीकडे गेली आणि तिकडे तोंड करून बसली. भिमाबाईने थाळ्या मॅडमच्या हातात दिल्या, पदराने डोळे पुसले आणि अंगण झाडायला घेतले, जे तिने सकाळीच झाडले होते.

थाळ्यांचे पाणी आटले आणि वाट्या माझ्यात आल्या. माझी तार तेव्हा जुनी झाली होती. एका वळणावर ती बारीक पडली होती आणि तिथे जास्तच लाल व्हायची. हिरामणने दाराच्या भोकातून पाहिले आणि म्हणाला, "तार जाणार हिची. आजच जाणार."

"गप्प बसा," मॅडम म्हणाल्या.

मी धीर धरला, असे सांगायला मला आवडले असते. पण ते खरे आहे का, मला ठाऊक नाही. तार ती तार. ती मनाने टिकत नाही आणि मनाने तुटतही नाही. एवढेच म्हणते, की मला तांबडीची पाठ खिडकीतून दिसत होती आणि मी जळत राहिले. काम संपले. मॅडमनी वाट्या बाहेर काढल्या. मग मी निवू लागले आणि निवता निवता आत कुठेतरी टिचकन आवाज झाला. तार तुटली. त्या दिवसाची धग माझी शेवटची.

थाळीची राख वजा केली. दोन उत्तरे जवळ आली. अगदी एक झाली नाहीत, पण एका बाकावर शेजारी बसतील इतकी जवळ आली.

साहेबांनी कागद पाहिला. "म्हणजे खाद्य साधारणच आहे?"

"साधारणच," मॅडम म्हणाल्या.

"मी तेच म्हणत होतो," हिरामण म्हणाला.

साहेबांचे तोंड आंबट झाले. त्यांनी कुणालाच शाबासकी दिली नाही. जाता जाता फक्त म्हणाले, "मग ते पिंजरे उचला तिथून. जागा अडते." त्यांच्या लेखी तेवढीच गोष्ट. भिमाबाईने झाडू टाकला आणि तांबडीजवळ जाऊन बसली. तांबडीने बराच वेळ तिच्याकडे पाहिले नाही. मग तिने हात चाटला. हाताला राख होती, तीही चाटली.

त्यानंतर सगळे गोडीगुलाबीने राहू लागले असे तुम्हाला वाटत असेल, तर तसे काही झाले नाही. हिरामण अजून चिमूट गोळा करताना पुटपुटतो. मॅडम आणि तो चहा वेगवेगळाच घेतात. भिमाबाई आता थाळ्या नुसत्या पाण्याने धुते आणि धुताना अजून कुढते, की पाणी वाया जाते आणि थाळीला तेज येत नाही. पण नवे खाद्य आले, की मॅडम आधी मोरीवर जातात आणि काय मोजायचे आहे ते तिला सांगतात. भिमाबाई मान हलवते. कधी विचारते, कधी वाद घालते.

माझी तार बदलायची म्हटली तर नवी भट्टी परवडते, असे ठरले. मला अंगणात आणून टाकले. आणि कुणाशेजारी? त्याच पिंजऱ्यांशेजारी! ज्यांचा मी जन्मभर राग केला, त्यांच्या गंजाचे डाग आता माझ्या निळ्या पत्र्यावर पडतात. कधी कधी वाटते, यासाठीच का जळले? पण दुपारी तांबडी येते. ती आता फार म्हातारी झाली आहे. ती माझ्या उन्हाने तापलेल्या पत्र्याला पाठ लावून झोपते. पिंजऱ्याच्या बाजूला चुकूनही जात नाही.

राखेचा तो डबा प्रयोगशाळेच्या आसपास ठेवायचा नाही अशी सक्त ताकीद आहे. फेकून द्यायला भिमाबाईचे मन होत नाही. ती राख तिच्या घरची आहे, दाताला लावायला लागते. म्हणून तिने तो माझ्या पोटात ठेवला आहे. माझे दार जड आहे, कुत्र्याला उघडत नाही. इतकी वर्षे मी राख करत आले, आता तिला सांभाळते आहे.

तेव्हा मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. मोठे व्हाल, काही ना काही मोजाल. मोजण्याआधी भांडी घासणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसा आणि आपण काय करतो आहोत ते त्याला सांगा. त्याने प्रेमाने केलेले कामही, त्याला न सांगितल्यामुळे, त्याच्याच जिवावर उठू शकते. ती चूक त्याची नसते.

आणि माझ्यावर उपकार करायचेच असतील तर एक करा. लाथ मारलीत ती मारलीत. पण परवा दार उघडे टाकून गेलात. तांबडीला अजून त्या राखेचा वास ओळखू येतो, आणि तिच्या खाद्याची मोजणी सध्या चालू आहे. या, आणि दार लावून घ्या. जड आहे. दोन्ही हात लागतील.